एकही बरोबर यायला नको

"सोमवारी सहावीची चाचणी घेतेय, दशांश अपूर्णांकांवर," बाई जेवता जेवता म्हणाल्या. "माझं सगळं मास्टर्स त्या एका चाचणीवर आहे."

एवढंच वाक्य, पण ते फार महागात पडलं. बाई ते नवऱ्याला उद्देशून म्हणाल्या होत्या. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, त्यामुळे त्याच्यापर्यंत काही पोहोचलंच नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे होते. त्यांनी ते ऐकलं, घासाबरोबर पोटात ठेवलं आणि मनाशी काहीतरी पक्कं केलं.

बाई शाळेत गणित शिकवायच्या, आणि चांगलं शिकवायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी गणित अध्यापनाच्या मास्टर्सला नाव घातलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "इतकी वर्षं जे करतेयस, तेच आता शिकायला जाणार?" मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाई, दशांशात आता नवीन काय निघालंय?" आनंद झाला तो एकट्या सासऱ्यांना. ते स्वतः निवृत्त गणित शिक्षक. गणित कसं शिकवावं यावर इतकी मोठी पदवी मिळते हे ऐकून ते लहान मुलासारखे खूश झाले होते, आणि बाईंना प्रवेश मिळायच्या आतच त्यांनी अख्ख्या सोसायटीला बातमी देऊन टाकली होती. संध्याकाळी ते खाली बाकावर बसत. शाळा पलीकडच्याच गल्लीत असल्यामुळे निम्मी सहावी त्या बाकाभोवती खेळत असे आणि त्यांना आजोबा म्हणत असे.

सोमवारी चाचणी झाली. बाईंनी पेपर तपासायला घेतले. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं. ज्याला स्वतःची वही कोणती ते ओळखता येत नसे, त्याचंही बरोबर होतं. त्यांनी तिथूनच मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सर, वाईट बातमी आहे. मुलांना सगळं येतंय."

"सगळ्यांना?" सरांचा आवाज पडला.

"एकालाही चुकवता आलं नाही हो."

दुसऱ्या कुणी हे बोलणं ऐकलं असतं तर दोघांनाही शाळेत पाऊल टाकू दिलं नसतं. पण बाईंच्या प्रबंधाचा विषयच तो होता. ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारलं की पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात, कारण आठापेक्षा पस्तीस मोठे. ही चूक मोठी गोड आणि चिवट असते. ती घालवायला बाईंनी कागदी पट्ट्यांची एक पद्धत तयार केली होती. आधी मुलं चुकणार, मग बाई शिकवणार, मग मुलांना बरोबर येणार आणि बाईंना पदवी मिळणार, असा सगळा बेत होता.

"रोगीच नाही तर औषध कुणाला देणार?" सर म्हणाले. "आणि पुढच्या गुरुवारी परीक्षक मॅडम तुमचा पाठ बघायला येतायत. तारीख बदलली तर गेलं एक वर्ष."

"दुसरा वर्ग घेऊ का?"

"पाचवीला दशांश आले नाहीत, सातवीचे झालेत. सहावीच. विसरतील हो तोवर! मुलं आहेत ती. सुट्टीत सगळं विसरतात, आठवड्यात निदान थोडं तरी विसरतील."

मुलांना एवढं कुणी शिकवलं हे कळायला वेळ लागला नाही. वर्गात विचारल्याबरोबर सगळी एका सुरात ओरडली, "आजोबांनी!" शनिवार-रविवार बाकावर शिकवणी झाली होती, आणि जी मुलं सोसायटीत राहत नव्हती त्यांना राहणाऱ्यांनी घरी जाऊन शिकवलं होतं. "बाईंची परीक्षा आहे, त्यांची मान खाली जायला नको," असं आजोबांनी बजावलं होतं म्हणे.

बाई घरी आल्या त्या तणतणतच. सासरे पट्ट्यांवर रेघा मारत बसले होते. शंभर समान भाग, टोकदार पेन्सिलीने, इकडची रेघ तिकडे नाही. ते बघून बाईंचा राग अर्धा तिथेच उतरला.

"बाबा, मुलांना तुम्ही शिकवलंत?"

"कसं झालं? एक तरी चुकला का?" सासऱ्यांनी चष्म्यावरून मोठ्या आशेने बघितलं.

"नाही ना चुकला! मला चुका हव्या होत्या, बाबा. चुकलेच नाहीत तर मी सुधारू काय?"

सासऱ्यांचा चेहरा एकदम उतरला. सगळा घोळ नीट समजावून घेतल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आधी सांगायचंस ना गं," ते म्हणाले. "जन्मभर मुलांच्या चुका काढत आलो. चुका हव्यात असं कुणी म्हणेल हे डोक्यात कसं येणार?"

"जाऊ द्या. तुम्ही आता काही करू नका. अगदी काही म्हणजे काही नाही."

"मी कशाला काय करतोय," सासरे म्हणाले.

पण सुनेचं एक वर्ष आपल्यामुळे बुडणार, हे त्या माणसाला गिळवेना. त्यांना रात्री जेवण गेलं नाही. बाईंनी दोनदा सांगितलं की तुमची काही चूक नाही, तेव्हा तर त्यांना आणखीच वाईट वाटलं.

गुरुवारी परीक्षक मॅडम आल्या. ठेंगण्या, गोऱ्यापान, बोलायला अगदी मऊ आणि नजर मात्र सुईसारखी. बाहेरचं माणूस आपल्या शाळेत येतंय म्हटल्यावर मुख्याध्यापकही पाठाला हजर राहिले. ते मूळचे इतिहासाचे. सनावळी सोडली तर आकड्यांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, पण हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन ते कसेबसे मावले.

"तुम्हीही कार्डं घ्या, सर," परीक्षक मॅडम म्हणाल्या. "वर्गात बसलात म्हणजे विद्यार्थीच."

"घेतो की!" मुख्याध्यापक म्हणाले. "सहावीचं तर गणित."

प्रत्येकाकडे एक निळं कार्ड होतं आणि एक लाल. फळ्यावर दोन संख्या लिहायच्या. डावीकडची मोठी वाटली तर निळं वर, उजवीकडची वाटली तर लाल. बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं : ०.३५ आणि ०.८.

सगळा वर्ग निळा झाला. एकूण एक कार्ड निळं, आणि शेवटच्या बाकावरचंही निळंच. बाईंना आनंदाने रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. देवासारखी विसरली पोरं! मुख्याध्यापक मान डोलावून म्हणाले, "शाब्बास. पस्तीस मोठेच."

दुसरा प्रश्न : ०.१२५ आणि ०.३. पुन्हा सगळा वर्ग निळा, मुख्याध्यापकांसकट. बाईंनी खडू बदलला आणि उत्साहाने तिसरा लिहिला : ०.७५ आणि ०.५.

सगळा वर्ग लाल झाला. शेवटच्या बाकावर मात्र एकटं निळं कार्ड उभं राहिलं.

"अरे काय हे!" मुख्याध्यापक तिथूनच ओरडले. "पंचाहत्तर मोठे की पाच? आत्तापर्यंत बरोबर सांगत होतात ना?"

चौथ्या प्रश्नालाही तेच झालं. परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या एकदा मुलांकडे, एकदा मागे बघू लागल्या. बाईंच्या हे काहीच लक्षात आलं नाही. चुका मिळाल्या याच आनंदात त्या पट्ट्या वाटत सुटल्या होत्या.

मग त्यांनी शिकवलं. त्या दिवशी त्यांनी जसं शिकवलं तसं कदाचित पुन्हा कधी शिकवणार नाहीत. पट्टीचे दहा भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा भाग, आठ भाग रंगवलेली पट्टी इथे, साडेतीन भाग रंगवलेली तिच्याखाली, आता बघा कोणती लांब. मुलं पट्ट्या जुळवत होती, बघत होती आणि बघितल्याबरोबर घाईघाईने हाताखाली लपवत होती. दोन वेण्यांची एक मुलगी "बाई, पण..." म्हणून उठली, तर शेजारणीने तिला फ्रॉक ओढून खाली बसवलं. फक्त शेवटच्या बाकावरून अधूनमधून "अरेच्चा!" असं ऐकू येत होतं.

शेवटी पुन्हा कार्डं. बाईंनी मोठ्या विश्वासाने लिहिलं : ०.४७ आणि ०.९.

सगळा वर्ग निळा. मागे एकटं लाल.

बाईंच्या हातातला खडू मोडला. त्यांनी दुसरी जोडी लिहिली, तिसरी लिहिली. वर्ग दगडासारखा चुकत राहिला. इतकं समजावून एकाही मुलात फरक नाही म्हणजे पद्धत गेली, प्रबंध गेला आणि वर्षही गेलं. परीक्षकांकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

"अरे गाढवांनो!" मुख्याध्यापकांना आता राहवेना. दोन्ही हातांत दोन पट्ट्या घेऊन ते उठलेच. "हे बघा, हे नऊ दशांश. इथपर्यंत! आणि हे सत्तेचाळीस, ते शतांश आहेत, शतांश! बारके बारके! चार दशांश आणि वर थोडं. कसे मोठे होतील? बाई एवढ्या जीव तोडून सांगतायत, डोळे कुठे आहेत तुमचे?"

तेव्हा दोन वेण्यांच्या मुलीचा बांध फुटला. तिने भोकाडच पसरलं.

"बाई, मला येतंय! सगळ्यांना येतंय! पण आम्ही सांगणार नाही. तुमची परीक्षा आहे ना!"

"कुणी सांगितलं असं?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

अख्ख्या वर्गाच्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीबाहेर एक पांढरं डोकं चटकन खाली गेलं, आणि आता खाली राहून उपयोग नाही हे कळल्यावर सावकाश वर आलं.

"सूनबाईचा चष्मा द्यायला आलो होतो," सासरे म्हणाले. बाईंचा चष्मा बाईंच्या नाकावर होता.

"आजोबा म्हणाले, एकही बरोबर यायला नको," दुसरा एक मुलगा सांगू लागला. "बाईंनी कितीही प्रेमाने समजावलं तरी शेवटपर्यंत पाघळायचं नाही म्हणाले."

"शेवटी बरोबर यायला हवं होतं, बाबा," बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "सुरुवातीला चुकायचं होतं, शेवटी नाही."

"हे तू म्हणालीच नाहीस गं," सासरे खिडकीचे गज धरून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मॅडम, हिच्याकडे काही दोष नाही. ही कार्टी फार गुणी आहेत आणि मी म्हातारा मूर्ख. हिचं वर्ष घालवू नका."

बाईंना सासऱ्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना एकदम भरून आलं. आपल्यासाठी एवढा वर्ग जीव मुठीत धरून चुकत बसला, आणि हा माणूस उन्हात खिडकीखाली वाकून उभा राहिला.

परीक्षक मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या, पण त्या हसत होत्या. "मला तिसऱ्या प्रश्नालाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्याला येत नाही त्याचंसुद्धा अधूनमधून बरोबर येतं. पस्तीस मोठे म्हणणारा पंचाहत्तरही मोठे म्हणणार आणि तिथे त्याचं बरोबर ठरणार. यांचं तिथेही चुकलं. सगळंच्या सगळं चुकवायचं तर सगळं यावं लागतं. हा वर्ग तुमच्या काही कामाचा नाही, बाई."

"म्हणजे माझा पाठ..."

"थांबा हो. एक विद्यार्थी अस्सल होता. सुरुवातीला जिथे चुकायचं तिथेच चुकला, जिथे नशिबाने बरोबर यायचं तिथे बरोबर आला. आणि पाठ झाल्यावर? एकही चूक नाही. वर दुसऱ्यांना समजावून सांगितलं. इतका चांगला परिणाम मी फार दिवसांनी बघितला."

वर्गात सगळे इकडेतिकडे बघू लागले. मग हळूहळू सगळ्यांची नजर मागे गेली. मुख्याध्यापक अजून पट्ट्या धरून उभे होते. त्यांनीही मागे वळून बघितलं, तर मागे भिंत होती. त्यांचे कान लाल झाले.

"मॅडम," ते खाकरून म्हणाले, "प्रबंधात नाव येणार नाही ना?"

"संशोधनात नावं लिहीत नाहीत, सर. नुसतं विद्यार्थी क्रमांक एक."

बाईंचं मास्टर्स झालं. प्रबंधाचं नाव थोडं बदलावं लागलं, 'एका विद्यार्थ्याचा सखोल अभ्यास' असं. त्या अभ्यासासाठी मुख्याध्यापकांना आणखी काही तास पट्ट्यांसमोर बसावं लागलं आणि ते मुकाट्याने बसले. दशांशात नवीन काय निघालंय, असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर बाईंचं अभिनंदन त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि बाईंना मिळालेले टक्के लिहिताना दशांशचिन्ह नेमकं जागेवर दिलं.

त्याच संध्याकाळी सासरे खाली बाकावर बसले होते. मुख्याध्यापक फिरायला निघाल्यासारखे आले, आजूबाजूला मुलं नाहीत ना ते बघितलं आणि शेजारी टेकले.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ते दशांशाला दशांशाने भागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सूनबाईंनी परवा माझी त्याचीही चाचणी घेऊ म्हटलंय."

सासरे गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मी आधी वर जाऊन तिला विचारून येतो, तुम्हाला बरोबर शिकवू की चूक."