गोदू सुगरणीची सक्तीची विश्रांती

एका जंगलात गोदू नावाची सुगरण राहायची. बाळांनो, बाभळीला लोंबणारे खोपे तुम्ही पाहिले असतील. ते विणण्यात गोदूचा हात कोणी धरू शकत नसे. म्हणून सिंहमहाराजांनी तिला दरबारात नेमलं. हुकूम एवढाच, की रोज एक खोपा आणि रोज नवी कल्पना.

गोदूनं कल्पना काढल्या. दुमजली खोपा. झोपाळ्याचा खोपा. सासूला वेगळी खोली असलेला खोपा. मग एके दिवशी डोक्यात काही येईचना. कसाबसा खोपा पुरा केला, तर दार ठेवायचंच विसरली. स्वतःच आत अडकली. साळुंक्यांनी ओढून बाहेर काढली.

महाराज कळवळले. "हिचं मन थकलंय. विश्रांती द्या! पुनवेपर्यंत ताजीतवानी झाली नाही, तर काढून टाका."

अस्वलपंतांनी विश्रांती शिबिर उघडलं. पहाटे श्वास मोजायचे. मग 'मन रिकामं कसं करावं' यावर लांबलचक व्याख्यान. दुपारी सामूहिक हसणं. संध्याकाळी प्रत्येकानं उभं राहून, आज किती शांत वाटलं ते सांगायचं. कमी वाटलं तर पंत ओरडायचे.

गोदू सुकत चालली. पुनव तोंडावर आली. शेवटी एका दुपारी हसण्याचा तास बुडवून ती पळाली आणि तळ्यात डुंबणाऱ्या भुरी म्हशीच्या पाठीवर जाऊन टेकली.

"काय करतेस गं, भुरीमावशी?"

"कुठं काय. बसलेय."

"मी पण बसू?"

"बस की. बसायला काय लागतंय?"

दोघी बसल्या. एक चतुर आला, गेला. गोदूला पेंग आली. पेंगता पेंगता तिला असा एक खोपा दिसला, की तिचं तिलाच हसू फुटलं.

तेवढ्यात काठावरून पंत गरजले, "गोदूबाई! विश्रांतीच्या वेळेत ही टंगळमंगळ?"

तिला दरबारात उभं केलं. "हिनं विश्रांतीत कामचुकारपणा केला, महाराज!"

"मग आत्ताच खोपा विणून दाखव," महाराज म्हणाले. "नाहीतर चालती हो."

गोदूनं विणला. सारा दरबार आ वासून बघत राहिला.

"वा, पंत!" महाराज म्हणाले. "काय शिबिर आहे तुमचं!"

गोदू भोळी. ती म्हणाली, "शिबिर नाही, महाराज. भुरीमावशीजवळ नुसती बसले, म्हणून सुचलं."

"ती म्हैस नुसती बसते?" पंत दचकले. "कसलंही शिक्षण न घेता?"

पंतांना शाल मिळाली. गोदूला रोज दोन खोप्यांचा हुकूम झाला. आणि भुरीला दुसऱ्याच पहाटे शिबिरात उभं केलं. हल्ली ती फार थकलेली असते.

तात्पर्य: विश्रांती चोरूनच घ्यावी, वरून मिळाली की ती करावी लागते. आणि कुठं घेतली ते तर कुणाला मुळीच सांगू नये.