दगडूआबांची सुरळी

आमच्या वरच्या मजल्यावरचे दगडूआबा कुठलंही चित्र हातात आलं की त्याची सुरळी करतात. कॅलेंडर असो की लग्नपत्रिका. डावी कड उजव्या कडेला भिडवायची, चष्मा कपाळावर सरकवून सांधा बघायचा आणि निकाल द्यायचा, "रिपीट बसत नही."

आबा मूळचे धुळ्याकडचे. इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये त्यांनी उभा जन्म साड्यांची डिझाइनं ट्रेस केली. साडीवरची वेल ठरावीक अंतरावर पुन्हा पहिल्यापासून छापली जाते, तेच रिपीट. तिचं टोक पुढच्या वेलीच्या सुरुवातीला तंतोतंत मिळालं नाही, तर अख्ख्या ताग्यावर रेघा दिसतात. आबांच्या हातून अशी रेघ कधी पडली नाही म्हणतात.

मी पडलो चित्रकलेचा मास्तर आणि फावल्या वेळात बालसाहित्यिक. पुस्तकं मीच लिहितो, मीच रंगवतो आणि बरेचदा मीच वाचतो. पहिल्या पुस्तकाच्या प्रतींवर आमच्या कॉटचा एक पाय टेकलेला आहे. त्यामुळे आबा जिन्यात अडवून "मास्तर, नवीन पुस्तक कधी व्हई?" असं रोज विचारू लागले तेव्हा मी हरखून गेलो. सुरतेत माझा एक चाहता आहे, हे मी बायकोला तीनदा सांगितलं. "ते बिचारे रिकामेच असतात," ती म्हणाली.

माझी नवी गोष्ट एका बकरीची होती. ती घर सोडून हिंडायला निघते आणि शेवटच्या पानावर डोंगरावरून सूर्यास्त बघते. त्या सूर्यास्ताला मी आठ दिवस घातले होते. प्रकाशकांनी पुस्तक दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा कळवलं, "शेवट जमलेला नाही. जमला तर पाठवा, नाहीतर राहू द्या."

मी तोंड पाडून सूर्यास्त पुन्हा रंगवत होतो, तेवढ्यात आबा आले. त्यांनी पहिलं आणि शेवटचं पान उचललं. रंग ओला आहे हे मी सांगेपर्यंत सुरळी झालीसुद्धा. सूर्य त्यांच्या अंगठ्याला लागला.

"रिपीट बसत नही, मास्तर. बकरी डोंगरवर कशाले उभी करी? तिले चालू द्या. आठे शेवटला पानवर उजवीकडथून अर्धी बाहेर जाऊ द्या, तठे पहिला पानवर डावीकडथून अर्धी मझार येऊ द्या. फिरीसन परत घर."

"मग गोष्ट संपणार कुठे?"

"संपाले कशाले पाहिजे?"

साड्या छापणाऱ्यानं मला साहित्य शिकवावं, या विचारानं मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी निमूट सूर्यास्त फाडला. पुस्तक निघालं. शाळेत सत्कार झाला आणि कल्पना कशी सुचली असं कुणी विचारलं, तेव्हा मी छताकडे बघत "निसर्गाच्या चक्रावरून" असं सांगितलं. आबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मला फार लागल्या.

रविवारी एका प्रतीवर 'कल्पना : दगडूआबा' असं लिहून मी वर गेलो. दार उघडं होतं. आबांनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात त्यांची बेंगळुरूची चार वर्षांची नात होती. आबांच्या हातात बकरीचं पुस्तक होतं. शेवटचं पान झालं, आबांनी सावकाश पहिलं उघडलं.

"आता बकरी कुठे आली?"

"घरी," नात म्हणाली. "आबा, परत."

फोन झाल्यावर मला दारात बघून ते ओशाळले. "दुसरं कोणतंबी पुस्तक संपनं की 'बाय आबा' करीसन पयी जास पोर. आज तीन फेऱ्या झाल्या."

माझा चाहता मला आत्ता नीट कळला. मी प्रत पुढे केली. वर लिहिलेलं त्यांनी वाचलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिलं आणि शेवटचं पान एकमेकांना भिडवलं, सांधा बघितला.

"बसनं," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "मास्तर, मधमा आनखी चार पानं घालता येतीन का?"