खिळ्याचा सख्खा भाऊ

कागदात गुंडाळलेला नवा पायजमा.

डॉमिनोतला दुहेरी छक्का हातात आला की फडफडणारी खिळ्याची डावी पापणी.

किंग्स्टनहून आणलेली टोपी. फक्त चर्च आणि इस्पितळासाठी.

चार वाजता ऑपरेशन.

बर्मिंगहॅमच्या इस्पितळात एग्बर्ट लिंडो सव्वातीनला काउंटरपाशी पोचला. खिळ्याचा निरोप होता : तू आल्याशिवाय मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. पन्नास वर्षं डॉमिनोच्या टेबलावर समोरासमोर बसलेला माणूस. जायलाच हवं होतं.

"पेशंट कोण तुमचे?" काउंटरवरची मुलगी त्याच्यासारखीच जमैकन घरातली होती. एग्बर्ट खुलला.

"सख्खा भाऊ."

"नाव?"

"खिळ्या."

"काका, आईबापांनी ठेवलेलं सांगा."

खिळ्याचा कुठला गुडघा कुठल्या हवेत दुखतो, हे एग्बर्टला पाठ होतं. नाव मात्र कधी लागलंच नव्हतं.

"आडनाव तरी? सख्खे ना?"

आता माघार कशी घेणार? "लिंडो."

मुलीने शोधलं. "एक लिंडो आहेत. प्रसूतीच्या वॉर्डात."

"तो नसेल बहुतेक."

"बहुतेक?"

एग्बर्टने चर्चच्या मिस व्हर्लीला फोन लावला. तिच्या वहीत सगळ्यांची नावं होती. पानं उलटल्याचा आवाज आला. "हे बघ, सापडलं. ब्रदर खिळ्या."

"अगं, खरं नाव!"

"हे काय खोटंय? तू कोण बोलतोयस पण?"

पावणेचार झाले. एग्बर्ट बाकावर बसला. पन्नास वर्षांत एवढं एक विचारता आलं नाही. आणि गल्लीभर सांगत फिरायचं काय, तर खिळ्या म्हणजे माझा जीव. गाढवाला निदान धनी ठाऊक असतो.

"माझ्या मामांना सगळे बिशप म्हणायचे," मुलगी हळूच म्हणाली. "खरं नाव आम्हाला अंत्यविधीच्या पत्रिकेत कळलं."

एग्बर्टने पायजमा छातीशी धरला.

तेवढ्यात वरून एक नर्स धापा टाकत उतरली. "सात नंबरचा पेशंट सही करेना. भावाला बोलवा म्हणतो. भावाचं नाव विचारलं तर एक सांगतो, आडनाव विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतो." तिने हातातली चिठ्ठी वाचली आणि कसनुसं तोंड करून विचारलं, "इथे कोणी... बोकड आहे का?"

सगळ्या बाकांवरच्या माना वळल्या.

एग्बर्ट टोपी सावरत उभा राहिला. "मीच तो."

खिळ्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून चर्चच्या नोंदवहीत, नवरदेवाच्या खऱ्या नावाखाली, सही एग्बर्टने केली होती.