ग्रिपचं औषध

टायर बदलायचे, एवढंच मी ठरवलं होतं. चार टायर, तेही तळहाताएवढे.

माझा ट्रक रिमोटवर चालतो. (मीही चालतो, पण माझा रिमोट बायकोकडे असतो.) नदीकाठच्या मातीच्या ट्रॅकवर आमच्या क्लबच्या शर्यती होतात, आणि दर शर्यतीत माझा ट्रक पहिल्याच वळणावर घसरतो, गर्रकन फिरतो आणि आल्या वाटेकडे तोंड करून उभा राहतो. कारण एकच, ग्रिप नाही.

सुमिएने, म्हणजे माझ्या बायकोने, शेवटी निर्वाणीचं सांगितलं. तिचे वडील राहायला येणार होते, आणि त्यांची गादी ठेवायच्या कपाटाचा खालचा कप्पा माझ्या ट्रकच्या डब्यांनी अडवला होता.

"रविवारची शर्यत पूर्ण केलीत तर ट्रक राहील," ती म्हणाली. "नाही तर सोमवारी जुन्या सामानाच्या दुकानात."

हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. गेली कित्येक वर्षं पालिकेत लोकांच्या पाणीपट्टीच्या तक्रारी ऐकून घेतो आहे मी. त्या ट्रकखेरीज माझं म्हणावं असं घरात काही नाही.

मी तडक रिमोटच्या गाड्या विकणाऱ्या नेझु-सानच्या दुकानात गेलो. त्यांनी नीट समजावलं, की आपला ट्रॅक घट्ट दाबलेल्या मातीचा आहे, त्याला बारीक, बुटक्या काट्यांचे टायर लागतात. उंच काटे भुसभुशीत मातीसाठी. मी मान डोलावली आणि सगळ्यांत उंच काट्यांचे टायर घेतले. (दिसायला फार रुबाबदार होते.) वर ग्रिप वाढवणाऱ्या औषधाची एक बाटली घेतली. हे रबराला चोळायचं आणि टायर कोमट ठेवायचे, म्हणजे रबर मऊ पडतं आणि माती धरतं.

"कोमट म्हणजे किती?" मी विचारलं.

"आंघोळीच्या पाण्याइतकं," नेझु-सान म्हणाले. त्या बिचाऱ्यांना काय कल्पना.

शनिवारी दुपारी मी टब भरला. टायरना औषध चोपडलं. बाटलीवर थोडंसं लावा असं लिहिलं होतं, पण शर्यत बाटलीवाल्यांची नव्हती, माझी होती. टायर पिशवीत घातले, गाठ मारली, पिशवी पाण्यात सोडली आणि वर टबाचं झाकण लावलं. सासरे संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. तोवर पाणी बदलून होईल, अशा हिशेबाने मी टोफू आणायला बाहेर पडलो.

परत आलो तर दारात सासऱ्यांचे बूट. दुपारच्याच गाडीने आले होते. आमच्याकडे जपानात अंग बाहेर धुऊन मग सगळे पाळीपाळीने त्याच पाण्यात बसतात, आणि पहिला मान पाहुण्याचा. न्हाणीघराचं दार बंद होतं आणि फटीतून कंबरदुखीच्या मलमासारखा वास येत होता.

सासरे म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. मागच्या वेळी ते आमच्या न्हाणीघरात घसरले होते, आणि त्या फरशा मीच बसवल्या असाव्यात असा त्यांचा आजही समज आहे. आता मी त्यांना टायरच्या औषधात शिजायला घातलं होतं. दाराबाहेर उभा राहून मी विचारलं, बाबा, सगळं ठीक आहे ना? आतून नुसतं "हं" आलं. मग बराच वेळ तेही येईना. ॲम्ब्युलन्सचा नंबर मला पाठ आहे, पण त्या क्षणी तो आठवत नव्हता.

अखेर दार उघडलं. उकडलेल्या खेकड्यासारखे लालबुंद होऊन सासरे बाहेर आले आणि मला म्हणाले, "जावईबुवा, माझ्या गुडघ्यांचा तुम्ही एवढा विचार केलात."

पाण्यातलं औषध फार गुणकारी आहे, असं ते म्हणाले. आणि त्याहून गुणकारी, ती पायाखाली घ्यायची काटेरी रबरं. पिशवीची गाठ सुटली होती (मीच मारलेली), म्हणून त्यांनी ती नीट मांडून घेतली आणि तळवे चोळत बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघून हसत होते. अशा वेळी खरं सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नाही.

रविवारी सासरेही शर्यतीला आले. पहिलं वळण आलं तेव्हा मी श्वास रोखला. ट्रक घसरला नाही. उंच काट्यांनी आणि त्या औषधाने माती अशी काही पकडली, की चाकं जागच्या जागी रुतली आणि बाकीचा ट्रक पुढे गेला. दोन कोलांट्या खाऊन तो सासऱ्यांच्या पायाशी उताणा पडला. शर्यत संपली होती. मला रडू आलं.

सासरे खाली वाकले. अंगठ्याने काटे दाबून पाहिले, चाक नाकाशी नेलं.

"हे तर माझे," ते म्हणाले.

मी सगळं कबूल केलं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात माफीनामा रचत होतो. घरी आल्यावर त्यांनी लेकीला बोलावून निकाल दिला, की या घरातली एवढी चांगली वस्तू टाकून द्यायची नाही. मी कृतज्ञतेने जमिनीला कपाळ टेकवलं.

सोमवारी ट्रक जुन्या सामानाच्या दुकानात गेला. टायर काढून घेऊन.

सासरे आता दर महिन्याला राहायला येतात, आणि दर महिन्याला मला औषधाची बाटली आणावी लागते. एवढी ग्रिप लागणारा ट्रक तरी कोणता, असं नेझु-सानने परवा न राहवून विचारलं.

"मॉडेल फार जुनं आहे," मी म्हणालो. "पण आता जिना चढतं."