सासूबाईंची कोंबडी

पार्सल आलं तेव्हा आप्पांनी ते बायको घरी येईपर्यंत तसंच टेबलावर ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दार वाजलं तेव्हा आप्पा आरशासमोर मिशी कातरत होते. हातात कात्री आणि समोर दोरीने बांधलेलं खोकं, अशा वेळी भल्याभल्यांचा धीर सुटतो. आप्पा तर मुळात भल्याभल्यांत मोडतच नव्हते.

आप्पा म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले तक्रारींच्या खिडकीवरचे क्लार्क. ज्याच्या नळाला पाणी नाही असा प्रत्येक माणूस त्यांना ओळखे, आणि ती ओळख फारशी प्रेमाची नसे. वर्षानुवर्षं लोकांची बोलणी खाऊन त्यांनी एक गंभीर चेहरा कमावला होता. डोक्यावरचे केस गेल्यापासून तो आणखी भारदस्त दिसतो, अशी एक समजूत होती. (समजूत आप्पांचीच होती.)

खोक्यावर मेहुण्याचं अक्षर होतं. म्हणजे आतली वस्तू सासूबाईंची. आप्पांनी दोरी कापली.

सासूबाई हे प्रकरणच वेगळं. त्यांच्या घरात साधी वस्तू म्हणून सापडायची नाही. दार अडवायला लाकडी मासा, टाचण्या खोचायला कापडी साळिंदर, कापड मोजायची टेप गोगलगायीच्या शंखातून बाहेर यायची, आणि दारामागे छत्र्या ठेवायला एक उंच बगळा चोच उघडून उभा. सगळं स्वतःच्या हातचं, आणि इतकं देखणं की पाहुणे निघताना काही ना काही मागून न्यायचे. पण उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, उजवा हात मात्र रुसला आणि जीभही अडखळू लागली. मग त्यांनी लोकरीची टोपली पलंगाखाली सरकवली आणि बोलणं एकेका शब्दावर आणून ठेवलं. ‘हो’, ‘नको’, ‘बंद कर’. त्यानंतर त्या हसलेल्या तर कुणाला आठवत नव्हत्या.

खोक्यातून निघाली ती लोकरीची कोंबडी. विटकरी रंगाची, गुबगुबीत, खालून पोकळ. पिसांवर पिसं चढवल्यासारखी वीण, डोक्यावर लालभडक तुरा, पिवळी चोच, आणि डोळ्यांना दोन काळी बटणं. त्यातलं एक किंचित खाली, त्यामुळे ती आपल्याकडे संशयाने बघतेय असं वाटायचं. आतून मऊ अस्तर. आणि दोन्ही बाजूंना एकेक फट.

आप्पांनी दवाखान्यात फोन लावला. बायको तिथे नर्स होती, आणि सकाळच्या पाळीत तिच्याशी बोलायचं म्हणजे धावत्या माणसाशी बोलण्यासारखं.

“आईंचं पार्सल आलंय.”

“उघडलंत ना? मला माहीत होतं. काय आहे?”

“कोंबडी. लोकरीची.”

पलीकडे तिचा आवाज बदलला. “म्हणजे पुरी केली तिने. अहो, डाव्या हाताने विणत होती. दादा म्हणाला होता, पण मला खरं वाटलं नव्हतं. आजच घाला हं ती. घालून फोटो काढा आणि तिला पाठवा. वाट बघत असेल.”

“आजच घालू?”

“मग काय कपाटात ठेवणार? तुमच्यासाठीच केलीय. ‘ह्यांना थंड सहन होत नाही’, हे तिच्या बरोब्बर लक्षात होतं. आले, आले, सिस्टर. ठेवते.”

आप्पांचा हात आपोआप टकलावर गेला. थंडी पडल्यापासून ते टक्कल खरोखरच बर्फासारखं व्हायचं, पण हे आपण सासूबाईंना कधी सांगितलं ते त्यांना आठवेना. न सांगता ओळखलं, म्हणजे केवढी माया. त्यांनी कोंबडी डोक्यावर चढवली. जरा घट्ट होती, पण बसली. कान अडकले, तेव्हा त्या फटींचा उलगडा झाला. आप्पांनी दोन्ही कान बाहेर काढले. उजवी फट लांबट होती आणि डावी गोल. बिचारीचा हात चालत नाही, दोन्ही बाजू सारख्या कशा येणार, असं मनाशी म्हणून आप्पांना भरून आलं. डावा कान दुमडला जात होता, तोही त्यांनी प्रेमाने सहन केला.

आरशात बघितल्यावर प्रेमाची परीक्षा झाली. कपाळावर चोच, वर तुरा, त्याखाली कमावलेला गंभीर चेहरा. फोटो काढायचा आणि उतरवून ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. पण स्वतःचा फोटो स्वतः काढणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. एकात नुसता तुरा आला, एकात नुसती हनुवटी, तिसऱ्यात पंखा. शेवटी ऑफिसची वेळ झाली. जिन्यात कुणी भेटलं तर त्याच्याकडून काढून घेऊ, म्हणून आप्पा कोंबडीसकट बाहेर पडले.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. मास्तर एकटेच राहत. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“आप्पा, डोक्यावर काहीतरी आहे तुमच्या.”

“टोपी आहे. सासूबाईंनी विणलीय. आजारातून उठून, डाव्या हाताने.”

फोटो काढता का, असं आप्पा विचारणार होते. पण मास्तर कोंबडीकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “घाला हो, घाला. काढू नका. आमच्यासाठी विणणारं आता कुणी राहिलं नाही.”

एवढं ऐकल्यावर टोपी काढायची कशी? आप्पा रस्त्याला लागले. बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, हा एक फायदाच झाला.

ऑफिसात शिपायाने अवाक्षर न काढता फोटो काढला. (तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून बराच वेळ उभा होता, हे नंतर कळलं.) आप्पांनी फोटो मेहुण्याच्या फोनवर पाठवला, खाली लिहिलं, ‘आईंना दाखव. अगदी मापात बसली.’ आता टोपी काढायला हरकत नव्हती. पण ऑफिसातले हीटर आदल्याच दिवशी बिघडले होते, खिडकीतून वारा भसाभसा आत येत होता, आणि डोकं मात्र उबेत होतं. थोडा वेळ राहू दे, असा विचार त्यांनी केला. तेवढ्यात तक्रारींची खिडकी उघडायची वेळ झाली.

रांगेत पहिली होती लाँड्रीवाली. आठवडाभर तिच्या दुकानात पाणी नव्हतं. ती पदर खोचून, शब्द जुळवून आली होती.

“हे बघा, तुम्हा लोकांना काही लाज—” ती थांबली. “ही कोंबडी आहे का?”

“होय. तुमची तक्रार सांगा.”

“अंड्यावर बसलीय वाटतं.”

मागच्या माणसाने माहिती त्याच्या मागच्याला दिली आणि हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं. आप्पांनी गंभीर चेहरा ठेवला. त्याने प्रकरण आणखीच चिघळलं. लाँड्रीवाली डोळे पुसत म्हणाली, “जाऊ द्या साहेब. पण उद्यापर्यंत तेवढं पाणी सोडा.” त्या दिवशी रांगेत एकही भांडण झालं नाही. एकाने तर तक्रार सांगून झाल्यावर, अजून एक आहे, म्हणून पुन्हा रांग लावली.

आणि नेमक्या त्याच दिवशी, कुणालाही न कळवता, मोठ्या बाई तपासणीला आल्या. मोठ्या बाई म्हणजे नव्या मुख्य अभियंता. मागच्या ऑफिसात शर्टाचं बटण उघडं दिसलं म्हणून त्यांनी एका क्लार्कला गावाबाहेरच्या पंपहाउसवर धाडलं होतं, अशी त्यांची ख्याती. त्या खिडकीमागे येऊन उभ्या राहिल्या. आप्पा उठले. कोंबडीही उठली. बाईंनी एकदा आप्पांच्या डोळ्यांत बघितलं, एकदा बटणांच्या डोळ्यांत, आणि म्हणाल्या, “आत या.”

केबिनमध्ये आप्पांना समोर पंपहाउस दिसू लागलं.

“किटलीची टोपी डोक्यावर का घातलीय तुम्ही?”

“किटलीची नाही, बाई. माझी आहे. सासूबाईंनी माझ्यासाठी विणलीय.”

“बरं. मग ही लांबट फट कशाला आहे?”

“कानासाठी.”

“बरोबर. किटलीच्या.” बाईंनी टेबलावरच्या चहाच्या किटलीची मूठ पकडून दाखवली. “आणि ती गोल फट तोटीसाठी. चहा गरम राहावा म्हणून घालतात. आमच्या आईकडे बदक होतं.”

आप्पांचा डावा कान, जो सकाळपासून तोटीच्या जागेतून बाहेर डोकावत होता, तो गरम झाला. ‘ह्यांना थंड सहन होत नाही.’ थंड चहा. सासुरवाडीला पहिल्यांदा गेलेल्या आप्पांनी, चहा जरा निवलाय, असं म्हटलं होतं; तेवढं एक वाक्य त्या माउलीने इतकी वर्षं लक्षात ठेवलं, डाव्या हाताने निस्तरलं, आणि जावयाने ते डोक्यावर घालून उलट फोटो पाठवला. शिवाय लिहिलं, मापात बसली.

त्याच वेळी फोन वाजला. मेहुणा होता. आप्पांनी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

“भावजी, काय पाठवलंत तुम्ही?” मेहुण्याला दम लागला होता. “आईने फोटो बघितला आणि तिला काही बोलताच येईना. खुर्चीत वाकली. डोळ्यांतून पाणी. छातीवर हात धरला. मी डॉक्टरांना बोलावलंय.”

आप्पा समोरच्या खुर्चीत बसले, बाईंनी न सांगता. “झटका?” एवढंच त्यांच्या तोंडून आलं. आजारी बाईने जीव ओतून केलेल्या वस्तूची आपण अशी थट्टा मांडली आणि ती तिच्या जिवावर बेतली, आता बायकोला काय तोंड दाखवू, असं सगळं एकदम मनात आलं. कोंबडी उतरवायचंही भान राहिलं नाही.

“थांबा, डॉक्टर आलेत, धरा हं.” पलीकडे पावलं वाजली, कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि मग एक विचित्र आवाज सुरू झाला. कण्हल्यासारखा. मध्येच तुटायचा, पुन्हा चढायचा. आप्पांनी डोळे मिटले. मग तसाच दुसरा आवाज त्यात मिसळला, जाड आणि पुरुषी. तो डॉक्टरांचा होता.

“भावजी,” मेहुण्याचा आवाज आता वेगळाच लागला होता. “अहो, हसतेय ती. फोटो डॉक्टरांना दाखवला तिने. आता दोघंही हसताहेत. तिचं हसणं ऐकून इतके दिवस झाले, मला ओळखूच आलं नाही.”

आप्पांनी फोन कानापासून दूर धरला. आवाज केबिनभर पसरला. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्यांना वाटलं, आणि मग तेही हसायला लागले, तुरा हलेपर्यंत.

“जा,” बाई शेवटी म्हणाल्या. “हीटर आजच दुरुस्त होतील. पंपहाउस वगैरे काही नाही. अफवा असतात त्या.”

संध्याकाळी आप्पा घरी आले तेव्हा कोंबडी काखेत होती. बायकोला भावाकडून सगळं कळलं होतं. तिने दारातच आप्पांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचे डोळे लाल होते आणि ओठ मात्र गप्प बसत नव्हते.

“तिच्याशी बोलले मी आत्ता,” ती म्हणाली. “अडखळत का होईना, पूर्ण वाक्य बोलली. झटका आल्यापासूनचं पहिलं. आणि ते तुमच्यासाठी होतं.”

आप्पा सोफ्यावर ताठ बसले. दिवसभरात जी काही शोभा झाली तिचं आता सोनं होणार होतं. “काय म्हणाल्या?”

“म्हणाली, कोंबडी घट्ट विणली गेलीय, किटलीवर चढायची नाही. तेव्हा जावईबापूंना चार दिवस तशीच डोक्यावर ठेवू दे, म्हणजे सैल होईल.”

आप्पांनी कोंबडीकडे बघितलं. “एवढंच?”

“नाही, आणखी एक होतं,” बायको किटली विसळत म्हणाली. “किटलीच्या मानाने ह्यांचं डोकं लहान आहे, म्हणाली. डोक्याला आतून टॉवेल गुंडाळायला सांगितलाय.”