फळ्यावरचे पाने

"हवा तो पाना तीस सेकंदांत हातात! नाही आला, तर नाव बदलीन!"

आपल्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात उभा राहून इंद्रजीत असं बोलला, तेव्हा समोर बार्शीचे बारा छोटे कारखानदार होते. स्वारी पुण्याला तीन दिवस राहून 'लीन' शिकून आली होती. लीन म्हणजे पसारा नको, शोधाशोध नको, प्रत्येक वस्तूला तिची जागा. पाहुण्यांचे पुढारी रावजी खूश झाले, तर बार्शीच्या शिबिरात शिकवायला इंद्रजीतच जाणार होता. त्यासाठी नवा कोटही शिवून तयार होता!

भिंतीवर निळा फळा. त्यावर प्रत्येक पान्याचा आकार रेखलेला आणि त्या आकारावर तो तो पाना टांगलेला.

"नवरात्रात फळा लावला. महिना झाला, एक हत्यार जागचं हललेलं नाही! ही शिस्त!"

"पान्यांवर कुंकू दिसतंय," रावजी म्हणाले.

"माणसांनी पद्धत मनापासून स्वीकारलीय!"

तेवढ्यात तीन नंबरचा माग खाडकन बंद पडला. स्वतःचा माग बंद पडल्याचा आनंद झालेला सोलापुरातला हा पहिलाच मालक! तो फळ्याकडे झेपावला.

"मालक, थांबा!" मागावरची शांतम्मा ओरडली. "पूजेतल्या हत्याराला हात लावू नका!"

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची की! तुमी आदल्या सांजेला हत्यारं लई देखणी मांडली. आमाला वाटलं, औंदा पूजा भिंतीवर हाय."

"अगं, मग दसऱ्यानंतर उतरवायची ना!"

"पयलं हत्यार मालकानं उचलायचं. थोरले मालक दरसाल उचलायचे. तुमी आलाच न्हाई की!"

खरं होतं. तेव्हा इंद्रजीत घरी बसून शिस्तीचे तक्ते रंगवत होता.

"मग महिनाभर माग कशानं दुरुस्त केले?"

माग दुरुस्त करणाऱ्या गुरुबसप्पाला उत्तर द्यायला सवड नव्हती. त्याने कमरेच्या पिशवीतून जुना पाना काढला, दोन नट आवळले, माग सुरू!

"परत दाखवा," रावजी घड्याळ काढून म्हणाले. पाना आत, पाना बाहेर. दोन सेकंद!

"कधी शोधावा लागत नाही?" रावजींनी विचारलं.

"कंबर कुटं जातीया, सायेब?"

बाराही जणांनी वहीत लिहून घेतलं.

आठवड्याने बार्शीचं बोलावणं आलं. गुरुबसप्पाला. तो इंद्रजीतच्या गाडीतून गेला. गाडी इंद्रजीतनेच चालवली. कोट गुरुबसप्पाला थोडा सैल झाला, पण आत पिशवी छान बसली.

शिबिराची व्यवस्था अगदी लीन होती. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर चिठ्ठी होती, 'ड्रायव्हर'. इंद्रजीत आपल्या जागेवर बसला.