आबांचं गोणपाट

आमच्या शेजारचे तुळशीरामआबा नवी काडीपेटी आणली की आधी तिच्यातल्या दहा काड्या ओढून पाहतात. दहापैकी सात पेटल्या तर पेटी चांगली. त्यांची सून वैशालीवहिनी एकदा म्हणाली, "आबा, पेटी चांगली निघते, पण तवर अर्धी संपते." आबा म्हणाले, "संपू दे. भरवसा तं आला."

ही सवय त्यांना सोयाबीनने लावली. आमच्याकडे पेरणीच्या आधी बियाणं तपासतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्याने मोजायचं. सत्तर उगवले तर पेरायचं. बाकीचे लोक हे फक्त बियाण्याला करतात. आबा सगळ्यालाच करतात. नव्या चपला घालून तीन दिवस अंगणात चालतात आणि मगच परतवाड्याच्या बाजाराला नेतात.

आई सांगते, एका वर्षी एका दुकानदाराने त्यांना बियाणं दिलं आणि म्हणाला, "काहीच होत नाई आबा, डोळे मिटून पेरा." आबांनी डोळे मिटून पेरलं. वावर काळंच्या काळं राहिलं. तेव्हापासून कोणी "काहीच होत नाही" म्हटलं की आबा उठून जातात. आणि डोळे तर ते कशासाठीच मिटत नाहीत. आरतीतही उघडेच असतात.

बारावीनंतर मी अमरावतीला बी.एस्सी.ला नाव टाकलं. आमच्या घरात कॉलेज कोणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे आईबाबा नुसते खूश होते. प्रश्न विचारला तो आबांनी.

"तुह्या आंधी आपल्या गावचे कितीक पोट्टे गेले तिथं?"

"सात असतील."

"अन् उगवले किती?"

मी बोटांवर मोजलं. "पाच."

"मंग बियानं बरं हाये. जाय."

मी हे सगळं हसत सांगते, पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला हसू येत नव्हतं. नाल्यापलीकडच्या गावात दोन लेकरांना गोवर निघाला होता. आबांची नात परी तेव्हा नऊ महिन्यांची झाली होती, म्हणजे तिच्या गोवराच्या लसीची वेळ झाली होती. आणि आबा नाही म्हणत होते. मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ फिरत होता, लस घेतलेलं लेकरू आजारी पडल्याचा. वहिनीचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. आबांना डावलून जायला तिचा जीव धजेना. ती मला म्हणाली, "तू सायन्सवाली हायेस ना. तूच सांग त्याइले."

मी पहिल्या वर्षाला होते. तरी रात्री पुस्तक काढलं आणि तोंडी परीक्षेसारखी तयारी केली. सकाळी आबांसमोर बसून शरीर कसं ओळखतं, कसं लढतं, सगळं सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाले, "तू सोता पाह्यलं हे?"

"नाही. पुस्तकात आहे."

"थ्या व्हिडिओतल्या मानसानंही सोता काही पाह्यलेलं दिसत नाई. म्हनून मी त्याचंही आयकलं नाई. बरं, लसीनं ताप काहून येते?"

मला नीट सांगता येईना. काहीतरी जुळवून बोलावं असं वाटलं, पण त्यांची नजर पाहून जमलं नाही. म्हटलं, "आबा, मला माहीत नाही. विचारून सांगते."

"आता बोलली तू कामाचं," आबा म्हणाले. "मोहल्ल्यातले सारे जन सांगून राह्यले, काहीच होत नाई."

त्याच दिवशी नाल्यापलीकडे खास लसीकरण होतं. आमच्या गावचा दिवस बारा दिवसांनी होता. आबा वांग्यांची पिशवी घेऊन निघाले आणि तिथल्या अंगणवाडीसमोर निंबाखाली दिवसभर बसून राहिले. अकरा लेकरांना लस टोचली. आबांनी अकराही घरं लक्षात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी सुरू झाली. घरात शिरायचं, वांगी नाहीतर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवायची, लेकराच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावायची आणि म्हणायचं, "थंड हाये." लोकांना वाटलं, सरकारनेच माणूस नेमला. एकीने लसीचं कार्ड आणून दाखवलं. एका आजीने गुडघा पुढे केला. आबा म्हणाले, "माय, मी निसता कपाळ पाह्यतो."

पाचव्या दिवशी ही गोष्ट लस टोचणाऱ्या सिस्टरच्या कानावर गेली. त्या अकोल्याच्या, बोलायला एकदम सरळ. गाडी थेट आबांच्या अंगणात आणून उभी केली. मीही तिथेच होते. मला वाटलं, आता आबांची खरडपट्टी निघणार.

"आबा, माह्या पेशंटइले तपासून राह्यले म्हनते तुमी."

"हो."

"मंग काय निघालं?"

आबांना हे अपेक्षित नव्हतं. "दोघाइचा हात सुजला. एकाले कसर आली, आंग जरासं तापलं, दुसऱ्या दिवशी गेली. बाकी थंड हाये."

"अजून थांबा. सात ते दहा दिवसांत एखाद्याले ताप येईन, अंगावर पुरळ बी येईन. आपोआप जाते. ताप म्हनजे आंगानं लसीची ओळख करून घेतली." आबांनी माझ्याकडे पाहिलं. हाच प्रश्न माझ्याकडून राहिला होता. सिस्टर पुढे म्हणाल्या, "क्वचित एखाद्याले लगेच जास्त त्रास होऊ शकते. म्हनून अर्धा तास बसवून ठेवतो आमी. त्याचं औषध माह्या डब्यात असते."

"दाखवा."

त्यांनी डबा उघडून दाखवला. आबांनी औषधाची तारीख मला वाचायला लावली.

"सिस्टर, गोनपाटात शंभर दाने असतात," ते म्हणाले. "तीस गेले तरी मी पेरतो. माह्या गोनपाटात एकच दाना हाये."

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "म्हनूनच म्हनते आबा. गोवर थांबत नाई कोनासाठी."

दहाव्या दिवसापर्यंत अकरांपैकी एकाला ताप आला, एकाच्या अंगावर पुरळ आलं, आणि दोन्ही गेलं. बाराव्या दिवशी आबा परीला घेऊन आमच्या अंगणवाडीत सगळ्यांच्या आधी हजर होते. वहिनीने म्हटलं, मी धरते. आबांनी दिली नाही. परीला मांडीवर घट्ट धरलं आणि सिस्टरने सुई वर केली तसे त्यांनी डोळे मिटले. परी रडून गप्पही झाली, तरी ते मिटलेलेच होते. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "उघडा आबा, झालं." मग अर्ध्या तासाचा त्यांनी पाऊण तास केला.

सुट्टी संपून मी अमरावतीला आले, पण मन तिकडेच होतं. काही झालं तर माझ्या शिकण्यावरचा त्यांचा विश्वास जाईल, असं वाटायचं. लसीच्या आठव्या दिवशी प्रॅक्टिकल संपताना फोन वाजला. आबा होते.

"परीले ताप आला."

मी तशीच लॅबच्या बाहेर आले. पण त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता.

"आठव्या दिवशी, बरोब्बर. गोळीनं उतरून राह्यला. खेळून राह्यली पोट्टी." आणि मग, एखाद्या दुकानदाराचं बियाणं शंभर टक्के उगवावं तशा खुशीत म्हणाले, "सिस्टर जशी बोलली तशीच निघाली वं बाई."

दुसऱ्या दिवशी ताप पूर्ण गेला. मी हॉस्टेलवर त्या दिवशी दोन वेळचं एकदम जेवले.

पुढच्या महिन्यात घरी गेले तर आबा वांग्यांची पिशवी घेऊन नाल्याकडे निघालेले. म्हटलं, "आबा, लस होऊन महिना झाला. आता कशाला?"

"लेकराइले सवय लागली," ते म्हणाले. वहिनी दारातून हळूच मला म्हणाली, "सासूबाई गेल्यापासून चार वाजले की ओट्यावर बसून रस्ता पाह्यत. आता चारले अकरा घरं त्याइची वाट पाह्यतात." त्या गावात पोरं त्यांना तापवाले आबा म्हणतात.

मी परत निघाले तेव्हा ते बसथांब्यावर आले. माझी परीक्षा होती आणि मी घाबरलेले होते, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बस आली तसा त्यांनी हात उलटा करून माझ्या कपाळाला लावला. परीला लावतात तेवढाच वेळ.

"थंड हाये," म्हणाले. "जाय आता."